सिंगल फेजवर थ्री फेज लेथ चालवताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात उद्यमनगरात नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत एखादं वर्कशॉप बंद झालं की जुना लेथ (धातू कातायचं मशीन) स्वस्तात मिळतो, घरामागं पत्र्याचं शेड असलं की माणूस उचलून आणतो, आणि मग कळतं की मोटर थ्री फेज 415 व्होल्टची आणि घरात लाईट सिंगल फेज 230 ची. कुणीतरी सांगतंच, ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बसव, पळतंय. पळतंय खरं, पण सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

सिंगल फेजवरचा साधा ड्राइव्ह तीन फेज तयार करतो, व्होल्टेज वाढवत नाही. आत 230 तर बाहेर पण 230. गेल्या पावसाळ्यात उचगावात एका पोराचा 2 एचपीचा लेथ बघायला गेलो, रिकामा चक (जॉब पकडायचा भाग) मस्त फिरत होता आणि एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) रॉडवर मिलिमीटरभर कट लावला की जागेवर थांबायचा, मोटर गुरगुरायची, ड्राइव्ह ट्रिप. बिचाऱ्यानं दोनदा बेल्ट बदलला होता. टर्मिनल बॉक्स खोलला तर तीन नट एकाच आडव्या पट्टीत, म्हणजे स्टार (तिन्ही वायंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली). स्टारच्या 415 मोटरला 230 दिलं की ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. तीन पट्ट्या उभ्या लावून डेल्टा (वायंडिंग एकापुढं एक गोल जोडलेली) केला, ड्राइव्हमध्ये मोटरचं व्होल्टेज 230 भरलं, प्लेटवर 3.4 अँपिअर होते तिथं 5.9 भरले (1.73 पट), आणि तोच कट गपगुमान निघाला.

म्हणून ड्राइव्हला पैसे घालायच्या आधी नेमप्लेट वाचा. 2 एचपीपर्यंतच्या मोटरा आपल्याकडं बहुतेक स्टारच्या, 3 एचपीपासून वर बऱ्याचदा आधीच 415 ला डेल्टा, तिथं ही युक्ती चालत नाही आणि माझं मत विचाराल तर सरळ थ्री फेज कनेक्शनचा अर्ज करा. बॉक्समधनं तीनच वायरी येत असतील तर स्टारची गाठ वायंडिंगच्या आत असते, रिवायंडिंगवाल्याकडनं सहा टोकं बाहेर काढून घ्या.

शेतातल्या मोटरीसारखा कंडेन्सर लावू म्हणतात काहीजण, पण शेतात दोन फेजमध्ये 415 मिळतं, घरी तेवढं नाही, शिवाय लोडवर वायंडिंग तापतं ते वेगळंच.

लेथचं फॉरवर्ड-रिव्हर्स हँडल ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका, चालू मशीनवर ओढलं की ड्राइव्ह उडतो. मोटर थेट ड्राइव्हला जोडा, हँडलच्या वायरी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला न्या. अर्थिंग पक्कं पाहिजे, आणि मेन बंद केल्या केल्या झाकण खोलायचं नाही, आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी थांबलेलं असतं, दहा मिनिटं जाऊ द्या, मीटर लावून बघा, मगच हात घाला.

आणि जुना स्टार्टर नुसता घूं घूं करून ओढत नसेल तर त्याची कॉइल 415 ची आहे, पण आता ड्राइव्हच चालू-बंद करतोय तर तो स्टार्टर काढूनच टाका.