नववीची गती शिकवायची, तर ठाणे–वाशी लोकल पकडा

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण ‘गतीचे नियम’. माझ्याकडे शिकवणीला येणारी बरीच पोरं गतीची तिन्ही समीकरणं घडाघडा म्हणून दाखवतात आणि ‘गाडी ब्रेक मारत असताना त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) धन असू शकतं का?’ असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. ठाण्यातल्या कोपरीतले आईबाबा विचारतात, मॅडम, घरी काय करून घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. समीकरणं आठवडाभर बाजूला ठेवा. वही, पेन्सिल, सेकंदकाटा दाखवणारं घड्याळ आणि ठाणे–वाशी परतीचं तिकीट एवढं घ्या. रविवारी दुपारी जा. सकाळी नऊच्या गर्दीत भौतिकशास्त्र नाही, फक्त दाब शिकता येतो.

नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर गाडीत बसलात की आधी तीन गोष्टी वहीत लिहून घ्या: शून्य कुठे, धन दिशा कोणती, घड्याळ कधी सुरू. आपण लिहू, ठाणे स्टेशन शून्य, वाशीकडची दिशा धन, गाडी हलली की घड्याळ चालू. या तीन ओळी नसतील तर पुढचा एकही आकडा वाचता येत नाही. शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाल्यासारखी वाटते, तेव्हा मुलीला विचारा, आपण हललो की नाही हे तू कशावरून ठरवलंस? ती प्लॅटफॉर्मकडे, खांबाकडे बघेल. गती नेहमी कशाच्या तरी सापेक्ष असते, हे तिथेच सांगून टाका. वेगळा तास नको.

अंतर आणि विस्थापनासाठी खरं तर लोकलचीही गरज नाही. ठाण्यात तलावपाळीला मासुंदा तलावाभोवती एक पूर्ण फेरी मारून निघालो त्याच जागी आलं की चाललेलं अंतर पूर्ण फेरीचं, विस्थापन शून्य. समोरच्या काठापर्यंतच काठाकाठाने चाललात तर विस्थापन म्हणजे बोट सरळ पाण्यावरून जाईल ती रेघ, दिशेसकट. एवढं पुरे.

ठाणे ते वाशी रुळांवरून 18 किलोमीटरच्या आसपास, वेळ साधारण अर्धा तास. म्हणजे सरासरी चाल (दिशा न बघता नुसतं किती जोरात; दिशा धरली की तो वेग) तासाला 36 किलोमीटर, सेकंदाला 10 मीटर. (ताशी किलोमीटरला 18 ने गुणून 5 ने भागायचं की उलट, यात गोंधळ होत असेल तर हीच जोडी लक्षात ठेवायला सांगा: 36 म्हणजे 10.) पण गाडी चालू असताना बहुतेक वेळ 36 पेक्षा जोरात धावते. मग सरासरी कमी का? मधल्या थांब्यांमुळे. 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, म्हणजे या मार्गावर आणखी एकदा ब्रेक, थांबणं आणि पुन्हा वेग घेणं आलं. सर्वाधिक चाल तीच ठेवूनही थांबा वाढला की सरासरी घसरते, हे पोरांना रोजच्या प्रवासामुळे लगेच पटतं.

आता मुख्य काम. दोन स्टेशनांमधला एकच टप्पा निवडा, समजा घणसोली ते कोपरखैरणे. फोनवर वेग दाखवणारं फुकटचं ॲप घ्या, खिडकीशी बसा (दाराशी नाही, हे वेगळं सांगायला लागू नये). एकाने दर पाच सेकंदांनी आकडा वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. ॲपचा आकडा क्षणभर मागे असतो, चालायचंच. फोन नको असेल तर ओव्हरहेड वायरचे खांब बघा. त्यांच्या पाट्यांवर किलोमीटरचा आकडा आणि खांबाचा क्रमांक असतो. किलोमीटरचा आकडा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंतचे सेकंद मोजा. 67 सेकंद आले तर गाडी ताशी जवळपास 54 किलोमीटरने चालली आहे.

घरी आल्यावर आलेख काढायचा: आडव्या अक्षावर काळ, उभ्यावर वेग. तुमचे आकडे ओबडधोबड येतील, म्हणून इथे सोपे घेते. गाडीने 30 सेकंदांत शून्यावरून सेकंदाला 15 मीटर वेग घेतला, 100 सेकंद तोच ठेवला, मग 20 सेकंदांत थांबली. आकृती समलंब चौकोनाची होते. पहिल्या तिरक्या रेषेचा चढ म्हणजे त्वरण: 15 भागिले 30, म्हणजे दर सेकंदाला वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरची भर. शेवटची रेषा जास्त उभी आहे, कारण ब्रेकचं त्वरण उणे 0.75. मधे रेषा आडवी, त्वरण शून्य. इथे मी मुलांना मुद्दाम थांबवते, कारण ‘जोरात चाललीय म्हणजे त्वरण जास्त’ हा समज इथेच मोडतो. गाडी सगळ्यात जोरात आहे तेव्हाच त्वरण शून्य आहे.

रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन: 225 अधिक 1500 अधिक 150, एकूण 1875 मीटर. रेषेखालचा चौकोन हा वेग गुणिले काळ आहे, म्हणून त्याचे चौरस सेंटीमीटर मीटर होतात. हे एकदा कळलं की दुसरं समीकरण (s = ut + ½at²) पाठ करावं लागत नाही. गाडी आधीच चालू असताना वेग घेऊ लागली तर सुरुवातीचा वेग गुणिले काळ हा खालचा आयत, त्वरण गुणिले काळाच्या वर्गाचं अर्ध हा वरचा त्रिकोण. झालं.

परतीच्या प्रवासात धन-ऋण. धन दिशा अजूनही वाशीकडेच आहे, ती बदलायची नाही. गाडी वाशीहून ठाण्याकडे निघाली: वेग ऋण. चाल वाढतेय, तरी त्वरण ऋण. ठाण्यात शिरताना ब्रेक लागला: चाल कमी होतेय आणि त्वरण धन! वहीत चारही शक्यता मांडून घ्या. वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असतील तर चाल वाढते, वेगळी असतील तर घटते. ‘ऋण त्वरण म्हणजे मंदावणं’ हे वाक्य पोरांच्या डोक्यातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हाच नियम वर फेकलेल्या चेंडूला लावा. वरची दिशा धन धरली तर त्वरण सगळा वेळ उणे 9.8, चेंडू अगदी वर क्षणभर थांबतो तेव्हासुद्धा. तिथे वेग शून्य असतो, त्वरण नाही.

शेवटी हे सगळं लोकलशिवाय तपासायचं असेल तर गॅलिलिओचा उतार घरी करा. 1638 साली छापलेल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलंय की उतारावरून गोळा सोडायचा आणि वेळ मोजायला बारीक धारेने पडणारं पाणी तोलायचं. आपल्याकडे फोन आहे. हार्डवेअरच्या दुकानातून दोन मीटरची ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी आणा, खोबण वर ठेवून एक टोक फक्त चार सेंटीमीटर उचला आणि त्यातून गोटी सोडा. वरून 50 सेंटीमीटरवर आणि 200 सेंटीमीटरवर खूण करा. पूर्ण पट्टी उतरायला गोटीला सहा सेकंदांच्या आसपास लागतील, पहिल्या खुणेला त्याच्या निम्मे: चौपट अंतर, दुप्पट वेळ, कारण अंतर काळाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. गोटी बोटाने सोडू नका, नकळत धक्का बसतो. समोर फूटपट्टी आडवी धरून ती झटकन उचला. आणि उतार वाढवायचा मोह टाळा. गोटी दोन सेकंदांत खाली आली की गोटीऐवजी तुमच्या बोटाचा उशीरच मोजला जातो.