सुईची चाचणी: सातेरीची कोणती पेटी वंशाला ठेवायची?

राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या सांभाळणाऱ्याला थाई सॅकब्रूड या विषाणूच्या रोगाची भीती असतेच. अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मरते आणि त्यावर औषध नाही. १९९०च्या दशकात या रोगानं दक्षिण भारतातल्या सातेरीची वाताहत केली. अशा वेळी मेलेली अळी लवकर हुडकून बाहेर टाकणारी वसाहत हवी. हा गुण आईबापाकडून येतो, म्हणून राणी वाढवण्याआधी तो तपासायचा. त्यासाठी पोळ्यातल्या मेणाच्या टोपणानं बंद घरांत सुई टोचून आतला कोष (अळीनंतरची अवस्था) मारायचा आणि माश्या तो काढून टाकतात का ते बघायचं. “दोन-चार घरं टोचा, साफ झाली की पेटी चांगली” हा सल्ला कुणाचाही ऐकू नका. दोन-चार घरांवरून काहीही कळत नाही.

राणी पेटीत निदान दोन महिने झालेली हवी, नाहीतर तुम्ही जुन्या राणीच्या लेकी, म्हणजे तिच्या कामकरी माश्या, तपासाल. सगळ्या पेट्या एकाच दिवशी घ्या. जांभूळ फुललं की सगळ्याच माश्या झपाट्यानं साफसफाई करतात, त्यामुळे एक पेटी फुलोऱ्यात आणि दुसरी पावसाळ्यात तपासून तुलना होत नाही.

एक-दोन टोपणं उघडून बघा. कोष पांढरा आणि डोळे गुलाबी-जांभळे असतील तो भाग निवडा. पारदर्शक प्लॅस्टिकवर १०० बंद घरांची खूण करा, बारीक सुईनं प्रत्येक टोपणाच्या मधोमध एकदा टोचा आणि चौकट परत ठेवा. २४ तासांनी मोजा.

खरी अडचण मोजण्यातच आहे. मी दोन वर्षं दोनच रकाने केले: साफ आणि न साफ. टोपण उघडलेलं दिसलं की घर साफ धरायचो. अशा एका पेटीला ९० गुण देऊन तिच्याच राण्या वाढवल्या, आणि लेकींच्या पेट्यांत मेलेल्या अळ्या तशाच पडून राहिल्या. रकाने तीन हवेत: टोपण शाबूत, टोपण उघडलं पण कोष आतच, आणि घर पूर्ण रिकामं. टॉर्च धरून प्रत्येक घराच्या तळापर्यंत बघा. अर्धवट कुरतडलेला कोष दुसऱ्या रकान्यात जातो.

टोपण उघडणं आणि अळी ओढून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची जनुकंही वेगळी असू शकतात. अमेरिकेत रोथेनबुहलर यांनी १९६४ मध्ये मेलिफेरा या युरोपियन मधमाशीवरचा प्रयोग मांडला. साफ आणि न साफ वंशांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत साफसफाई दिसलीच नाही. संकराचे नर साफ वंशाच्या राण्यांशी जुळवून २९ वसाहती केल्या. ६ पूर्ण साफ निघाल्या, ९ वसाहतींनी नुसती टोपणं उघडली, १४ वसाहतींनी टोपणही उघडलं नाही. त्या १४ मधल्या ६ वसाहतींनी मात्र टोपण हातानं उघडून दिल्यावर अळ्या बाहेर काढल्या. त्यावरून त्यांनी दोन अप्रभावी (दोन्हीकडून आली तरच गुण दाखवणाऱ्या) जनुकांचा हिशेब मांडला. २००२ च्या अभ्यासात थोडा-थोडा परिणाम करणाऱ्या जनुकांच्या सात जागा दिसल्या, म्हणजे गणित त्याहून गुंतागुंतीचं आहे. तरी मधला रकाना वेगळा ठेवण्याचं कारण तेच राहतं.

आणखी एक सावधगिरी: सुईनं कोषातला रस बाहेर येतो आणि त्याच्या वासानं आळशी पेटीही कामाला लागते. म्हणून एका निकालावर राणी वाढवू नका. आठवड्यानं पुन्हा टोचा, आणि दोन्ही वेळा १०० पैकी ९५ च्या वर घरं पूर्ण रिकामी असतील तीच पेटी घ्या. माझ्याकडे अशा पेट्या थोड्याच निघतात, आणि तरीही मी ही अट सैल करत नाही.

राणी वाढवण्याची पद्धत नेहमीचीच.

पण निवडलेली राणी हवेत अनेक नरांशी जुळते. ते नर नापास पेट्यांतले असले तर गुण पहिल्याच पिढीत दबून जातो. नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो, त्याच्याकडे फक्त आईची जनुकं असतात. म्हणून नापास पेट्यांतली नरांची घरं दर दहा दिवसांनी कापा. सातेरीत ती ओळखायला सोपी आहेत: टोपण उंच आणि मधोमध बारीक भोक. शेजारच्या मधपाळालाही सोबत घ्या, कारण त्याचे नर तुमच्या राणीपर्यंत पोचतात. झाडाच्या ढोलीतल्या वसाहतींचे नर मात्र अडवता येत नाहीत, त्यामुळे नव्या राणीच्या लेकी पेटीत भरल्या की सुई आणि प्लॅस्टिक पुन्हा काढायचं.