सामाईक घरातील भावंडांचा तंटा: मनाई हुकूम कसा मागावा आणि काय मागू नये

वडिलांच्या पश्चात घर सर्व मुलांच्या नावावर वारसाने लागते, परंतु कोणती खोली कोणाची हे कागदावर बहुधा कधीच उतरत नाही. आई असेपर्यंत ते निभते. ती गेल्यानंतर एखाद्या गणपतीला मुंबईहून गावी पोहोचलेल्या धाकट्या भावाला पडवीच्या दाराला नवे कुलूप दिसते, किंवा शहरातील दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या अविवाहित बहिणीचे पाणी भाऊ बंद करतो. अशा वेळी वकिलाकडे आलेला पक्षकार जवळजवळ नेहमी एकच मागणी करतो: “त्याने घरात पाऊलच टाकता कामा नये, असा हुकूम काढून द्या.” नेमकी हीच मागणी दिवाणी न्यायालयात सहसा मंजूर होत नाही, आणि ती का होत नाही हे समजले की काय मागायचे ते ठरवणे सोपे जाते.

वाटप होईपर्यंत प्रत्येक सहहिस्सेदार सामाईक मिळकतीच्या प्रत्येक इंचाचा धारक असतो, असे कायदा मानतो. घरात एकटाच थोरला राहत असला, तरी तो इतरांच्या वतीनेही राहतो असे गृहीत धरले जाते, आणि म्हणून एका सहहिस्सेदाराने दुसऱ्याला संपूर्ण घरातून वगळावे असा मनाई हुकूम न्यायालय सहजासहजी देत नाही. मात्र तुम्ही प्रत्यक्ष वापरत असलेल्या खोलीत, जिन्यावर, न्हाणीघरात किंवा विहिरीवर अडथळा करू नये, वीज-पाणी तोडू नये, भिंत पाडू वा नवी बांधू नये, घर वा त्यातील हिस्सा त्रयस्थाला विकू, गहाण टाकू किंवा ताब्यात देऊ नये, असे हुकूम मिळतात, कारण ते कोणाचा हक्क हिरावत नाहीत. दावा चालू असेपर्यंत परिस्थिती जशी आहे तशी ठेवतात. पूर्वी सरस-निरस वाटप (चांगले-वाईट भाग पाहून केलेली प्रत्यक्ष वाटणी) होऊन प्रत्येकाने आपापला भाग स्वतंत्रपणे वापरला असेल आणि ते पुराव्याने दाखवता येत असेल, तर चित्र पालटते. मग आपल्या भागापुरती पूर्ण मनाई मागता येते.

त्याआधी घर कोणाचे हे तपासावे. वडील हयात असतील आणि घर त्यांच्या स्वकष्टार्जित कमाईचे असेल, तर मुलांपैकी कोणालाही त्यात हिस्सा नाही; तिथे भावाविरुद्ध भावाने दावा लावण्याऐवजी वडिलांनी स्वतः दाद मागणे योग्य, आणि वय ६० किंवा अधिक असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाचा मार्गही त्यांना खुला असतो. हिंदू वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि वडिलांची आई यांना समान हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, आणि २००५ ची दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. त्याच दुरुस्तीने जुने कलम २३ रद्द झाले. भाऊ वाटपास तयार होईपर्यंत बहिणीला राहत्या घराचे वाटप मागता येणार नाही, असे ते कलम सांगत असे; गावोगावी ही समजूत अजून जिवंत आहे, आणि ती ऐकून अनेक बहिणी दावाच लावत नाहीत. सोसायटीतील सदनिकेबाबत आणखी एक गैरसमज असतो: नामनिर्देशन एका भावाच्या नावे असले म्हणून तो एकटा मालक होत नाही.

कागद गोळा करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मालकीसाठी मिळकत पत्रिका, सात-बारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, वारस नोंदीचा फेरफार आणि मृत्यूचा दाखला लागतो. कब्जेवहिवाटीसाठी वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या, शिधापत्रिका, मतदार यादीतील पत्ता आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे उपयोगी पडतात. तूर्तातूर्त मनाईच्या, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईच्या, टप्प्यावर मला दुसरा गठ्ठा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण हिस्सा शेवटी ठरतो, पण आज तिथे कोण राहते हे न्यायाधीशांना त्याच आठवड्यात ठरवावे लागते. मोबाइलवरील छायाचित्रे, चित्रफिती व संदेश द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र तयार करावे आणि मूळ फोन विकू नये.

पोलिसांकडे जाणे चुकीचे नाही, पण त्यांच्याकडून काय मिळते याची कल्पना असावी. शिवीगाळ, धमकी किंवा किरकोळ मारहाण बहुधा अदखलपात्र म्हणून नोंदवली जाते; त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी, कारण पुढे घटनेची तारीख सिद्ध करण्यास ती उपयोगी पडते. शांतताभंगाची भीती असल्यास पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली प्रस्ताव पाठवतात. लोक त्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. त्यात जास्तीत जास्त एक वर्षासाठी शांतता राखण्याचे बंधपत्र घेता येते, आणि अनेकदा ते दोन्ही भावंडांकडून घेतले जाते. खोली कोणाला द्यायची हे ठरवणे पोलिसांचे काम नव्हे, आणि ठाण्यात बसून लिहून घेतलेले ‘समजुतीचे पत्र’ वाटपपत्र होत नाही.

आता दाव्याकडे येऊ. केवळ मनाईचा दावा लावण्याऐवजी वाटप व स्वतंत्र कब्जा आणि त्यासोबत मनाई, असा दावा लावावा. विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ४१ प्रमाणे दुसऱ्या नेहमीच्या मार्गाने तितकीच परिणामकारक दाद मिळू शकत असेल, तर कायम मनाई नाकारता येते. सहहिस्सेदारांमध्ये तो मार्ग वाटपाचा असतो. सर्व वारसांना पक्षकार करावे. परदेशी राहणारी बहीण “तिला काही नको” म्हणून वगळली, तर पुढे तोच आक्षेप येतो. महिलांना मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्कातून सूट आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही.

दाव्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली तूर्तातूर्त मनाईचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह दिला जातो. आपल्याकडील न्यायालयांत तो ‘निशाणी ५ चा अर्ज’ म्हणूनच ओळखला जातो. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: सकृतदर्शनी बाजू आहे का, सोय-गैरसोयीचे पारडे कोणाकडे झुकते, आणि हुकूम न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का. अर्जात हे शब्द जसेच्या तसे उतरवून काही साधत नाही. “प्रतिवादी मला त्रास देतो” या वाक्यावर हुकूम मिळत नाही; अमुक तारखेला सकाळी त्याने मागील दाराला कुलूप लावले, त्यामुळे शौचालयाकडे जाण्याची माझी एकमेव वाट बंद झाली, घरात ७० वर्षांची आत्या आहे, असे लिहिले की तिन्ही कसोट्या एका वाक्यात येतात.

मागणीचे कलम सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहावे. घराचा हाताने काढलेला का होईना, दिशा दाखवणारा नकाशा जोडून खोल्यांना अ, ब, क अशी अक्षरे द्यावीत आणि मागावे ते असे: ‘अ’ खोली, ‘ब’ पडवी व जिना यांच्या वादीच्या कब्जेवहिवाटीस प्रतिवादीने स्वतः किंवा इतरांमार्फत हरकत अगर अडथळा करू नये, वीज व पाणी तोडू नये, मिळकतीत त्रयस्थाचे हितसंबंध निर्माण करू नयेत. अशा हुकुमाचा भंग झाला की तो दाखवता येतो. भिंत पाडण्याचे काम सुरू असेल, तर त्याच दिवशी कोर्ट कमिशनर नेमून स्थळपाहणी करण्याचा वेगळा अर्ज द्यावा.

नोटीस देण्याने हेतूच फसणार असेल, तर एकतर्फी हुकूम मिळू शकतो, पण त्यासोबत जबाबदारी येते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा व कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब द्याव्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवाव्या लागतात, आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करावे लागते. त्यानंतर अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावयाचा असतो. पूर्वीचा दावा, जुने हक्कसोडपत्र किंवा स्वतः घेतलेली रक्कम लपवली, तर हुकूम रद्द होऊ शकतो, आणि नंतर खऱ्या गोष्टीवरही विश्वास बसत नाही.

कुलूप लावून तुम्हाला आधीच बाहेर काढले असेल, तर केवळ “अडथळा करू नये” हे मागून उपयोग नाही. आपल्या स्वतंत्र ताब्यातील खोलीतून कायदेशीर मार्ग न अवलंबता काढले गेल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली कब्जा परत मागण्याचा दावा लावता येतो. त्यात मालकीचा प्रश्न उघडावा लागत नाही, परंतु मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. “घरातलेच आहेत, मिटेल” म्हणत ती बहुतेक वेळा निघून जाते.

बहिणीच्या बाबतीत एक वेगळा दरवाजा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा केवळ पतीविरुद्ध चालतो ही समजूत चुकीची आहे. रक्ताच्या नात्याने एका घरात राहणारी किंवा कधी काळी राहिलेली स्त्री भावाविरुद्ध कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते, थेट किंवा संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत. कलम १८ खाली संरक्षण, कलम १९ खाली निवास आणि कलम २३ खाली अंतरिम हुकूम मागता येतो, आणि भावाला घराबाहेर राहण्याचा आदेशही इथे शक्य आहे, जो दिवाणी न्यायालयात जवळजवळ अशक्य असतो. मुंबईतील एका आई-मुलीने मुलाविरुद्ध, सुनेविरुद्ध व इतरांविरुद्ध केलेल्या तक्रारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द या कायद्यातून वगळले. त्यामुळे बहीण किंवा वहिनीही प्रतिवादी होऊ शकते. मात्र कोणत्याही स्त्रीला घराबाहेर काढण्याचा हुकूम कलम १९ खाली देता येत नाही. छळ सोसणाऱ्या भावाला या कायद्याचा आधार नाही, त्याने दिवाणी मार्गच धरावा.

तुम्ही प्रतिवादी असाल आणि दाव्याचा वास लागला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८ अ खाली कॅव्हेट, म्हणजे आगाऊ सूचना, दाखल करावे. ते ९० दिवस टिकते आणि तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. हुकूम आधीच झाला असेल, तर तो चुकीचा वाटला तरी पाळावा, आणि म्हणणे दाखल करून तो उठवून किंवा बदलून घ्यावा, अथवा अपील करावे. हुकूम मोडल्यास आदेश ३९ नियम २ अ खाली मिळकत जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील संरक्षण आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

भावाने हिस्सा बिल्डरला किंवा अन्य परक्याला विकला, तर घाबरून जाऊ नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला सामाईक कब्जा मागता येत नाही. इथे मनाईचा अर्ज बळकट ठरतो. त्या खरेदीदाराने वाटपाचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटप अधिनियमाच्या कलम ४ खाली तो हिस्सा मूल्यांकनाने तुम्ही घेऊ शकता. मुंबईतील मिळकतीवर दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी, नाहीतर दाव्याच्या काळातील खरेदीदारावर निकाल बंधनकारक करणे कठीण जाते.

अनेक दावे शेवटी तडजोडीच्या पुरसीसने (पक्षकारांनी न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनाने) संपतात, आणि मध्यस्थी केंद्रात त्यासाठी वेळ दिला जातो. तिथे ‘उभयतांनी गुण्यागोविंदाने राहावे’ असे लिहून घेऊ नका. पुढच्या दाराच्या किल्ल्या किती व कोणाकडे, वीजमीटर वेगळा कोणत्या तारखेपर्यंत, घरपट्टी कोणी कोणत्या महिन्यात भरायची, छप्पर शाकारण्याचा खर्च कोणत्या प्रमाणात, देवघर कोणाच्या भागात आणि गणपतीच्या दिवसांत माजघर किती दिवस सर्वांसाठी उघडे, हे एकेका ओळीत लिहा, नकाशावर सर्वांच्या सह्या घ्या आणि तो नकाशा पुरसीसला जोडून हुकूमनाम्याचा भाग करण्याची विनंती त्याच दिवशी न्यायालयाला करा.