अमेरिकेतला लॅपटॉप सांगलीत असा आणला

मला हवं ते मॉडेल इकडे कुठे मिळेना. अमेरिकेतल्या एका दुकानाच्या साइटवर सापडलं, पण ते देशाबाहेर पाठवत नाहीत. माझं कार्डही दोनदा नाकारलं. बिलाचा पत्ता विश्रामबागचा ना! शेवटी न्यू जर्सीतल्या मावसभावाला फोन लावला. त्याने स्वतःच्या पत्त्यावर मागवला आणि दिवाळीला येताना घेऊन आला.

१८ वर्षांवरच्या प्रवाशाला एकच लॅपटॉप ड्यूटी न भरता आणता येतो, म्हणून त्याने स्वतःचा घरीच ठेवला. एवढं कोण करतं हो? पावती जवळ आणि मशीन हातातल्या बॅगेत ठेव, एवढं मी बजावलं होतं.

घरी खोका उघडला तर चार्जरची पिन चपटी. आई म्हणाली, "अरे, जळेल ते!" मग ठोकळ्यावरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवली: १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. म्हणजे आपल्याकडची वीजही त्याला चालते, ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही. भिंतीकडची वायर ठोकळ्यातून सुटी निघत होती, तेवढी गणपती पेठेतून आपल्या तीन पिनांची आणली.

वॉरंटी भारतात चालते का, हे मात्र पैसे भरण्याआधी कंपनीला विचारून घ्या. मी विचारलं होतं, म्हणूनच मावसभावाला होकार दिला.