जुनी जिप्सी घेताना लपलेला गंज शोधला तेव्हा

पुण्यात मारुतीची जुनी जिप्सी घेताना मी इंजिनापेक्षा चेसिसकडे, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याकडे, अधिक लक्ष दिले, कारण इंजिन पुन्हा बांधता येते. कुजलेली चेसिस मात्र सगळा खर्च पाण्यात घालते. आरसीवर नोंदणी एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीची होती आणि खाऱ्या हवेत फिरलेली गाडी दुप्पट कसून तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

चेसिसला नुकताच काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या तळाला देतात तो जाड संरक्षक थर, मारलेला होता. तेच मला खटकले. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक मी दरवाजाखालच्या पट्टीवरून आणि मागच्या चाकांच्या कमानींवरून फिरवले. जिथे ते धरेना, तिथे रंगाखाली जाड पुट्टी भरलेली होती. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत गेलो. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, परंतु मागची स्प्रिंग चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ (शॅकल) आवाज बद्द आला आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबताच पापुद्रे निघाले. चेसिस आतून पोकळ असल्याने तिच्यात साचलेला चिखल आणि ओल तिला आतल्या आत खातात, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

मालकांना ती जागा दाखवली, किंमत उतरली आणि व्यवहार झाला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवून पेट्रोलची टाकी उतरवली. सशक्त धातू लागेपर्यंत कुजका भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा जोडून घेतला, कारण गंजावरच पट्टी ठोकली तर जोड टिकत नाही. त्यावर झिंक प्रायमर आणि रंग दिला, चेसिसच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारे मेण, फवारले. निचऱ्याची बुजलेली भोके तारेने मोकळी केली. ती दर पावसाळ्यानंतर मी पुन्हा पाहतो.