मरीन टँक आणि नळाचं पाणी: या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले आणि पंधरा दिवसांत माझ्या मरीन टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या, काचेवर तपकिरी साय धरायला लागली. सकाळी पुसावी, तर संध्याकाळी पुन्हा हजर. मग टँकरचं पाणी नको म्हणून मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरायला घेतलं, आणि आठवड्याभरात दोन्ही क्लीनर श्रिम्प (टँकमधल्या छोट्या कोळंब्या) मेल्या. मासे मात्र मजेत पोहत होते. क्षारता बघितली, तापमान बघितलं, खाणं कमी केलं. पाण्यावर संशयच आला नाही, कारण तेच पाणी घरात सगळे पीत होते.

पिण्याचं पाणी आणि टँकचं पाणी यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार आणि ४५ मिलिग्रॅम नायट्रेट चालवून घेतं. तांबं ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आता हे बघा: माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात, ते लिटरमागे ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्यात मासा बरा होतो आणि कोळंबी, शंख, प्रवाळ मरतात. म्हणजे माणसाला खुशाल प्यावं असं पाणी श्रिम्पसाठी विष असू शकतं.

उडालेल्या पाण्याची भर नळाच्या पाण्याने घालणं

पाणी बदलताना काळजी घेणारे लोकही इथे फसतात. टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, तपकिरी साय पोसणारं सिलिकेट, सगळं मागे राहतं. २०० लिटरच्या टँकवर उन्हाळ्यात पंखा लावला की दिवसाला तीनेक लिटर सहज उडतं, महिन्याला ९० लिटर. ती भर ४०० टीडीएसच्या (लिटरमागे ४०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेल्या) पाण्याने केली तर महिन्याला ३६ ग्रॅम नको असलेले क्षार टँकमध्ये जातात. त्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर टँकचं नायट्रेट नुसत्या या भरीने महिन्याला लिटरमागे ९ मिलिग्रॅमने चढतं. मग आपण म्हणतो, खाणं जास्त पडतंय. (भर घालताना मिठाचं पाणी घालणं ही याचीच दुसरी बाजू. मीठ उडालेलं नसतं, ते पुन्हा कशाला घालायचं?)

बादलीत रात्रभर ठेवलं की झालं

क्लोरीन उडतो, एवढं खरं. पाणी बदलल्यावर लगेच मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर पहिला संशय क्लोरीनवरच घ्या आणि अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) घाला. पण बादलीत ठेवून सिलिकेट जात नाही, तांबं जात नाही. उकळून तर उलटंच होतं: पाणी आटतं, क्षार दाट होतात. आणि पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते रात्रभरात उडत नाही. अँटीक्लोरीनने ते फुटतं तेव्हा अमोनिया सुटतो आणि मरीन टँकच्या ८.१ ते ८.३ पीएचला तो गोड्या पाण्यापेक्षा जास्त जाळतो.

किचनमधला आरओ

माझ्या श्रिम्प यानेच गेल्या. घरगुती आरओचा मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आपलं काम नीट करतो, पण पुढे चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो, आणि त्यानंतर मिनरलची नळी असते. आमच्या मशीनला वर कॉपरची नळी होती. आईने मुद्दाम घेतलेली, तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्यायची सवय म्हणून. तिच्यासाठी ठीक आहे, टँकसाठी नाही. उपाय फार महाग नाही. टेक्निशियनला सांगून मेंब्रेनच्या लगेच पुढे टी (पाण्याला फाटा देणारा जोड) लावून घ्या, म्हणजे कंट्रोलर आणि त्या नळ्या लागायच्या आधीचं पाणी मिळेल, आणि त्या फाट्यावर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) डबा बसवा. सुरुवातीची दोन-चार मिनिटं येणारं पाणी सोडून द्या, त्यात टीडीएस जास्त असतो. वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा.

एसीच्या नळीचं पाणी 'डिस्टिल्डच आहे की' म्हणून साठवणारे भेटतात. ते तांब्याच्या कॉइलवरून, धुळीवरून ओघळून आलेलं असतं. कुंड्यांना घाला.

मीटर शून्य दाखवतोय म्हणजे सगळं ठीक

टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सिलिकेट निसटतं, आणि ते मीटरला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून काचेवर तपकिरी थर परत यायला लागला तर शून्यावर भरवसा न ठेवता रेझिन बदला. हिरवं केसाळ शेवाळ असेल तर नायट्रेट-फॉस्फेटची टेस्ट करा. मासे ठीक आणि फक्त श्रिम्प किंवा शंख मरत असतील तर तांब्याची.

मग नळाचं पाणी कधीच नको का? फक्त मासे असतील, प्रवाळ नसेल आणि पाणी मुंबईच्या तानसा-वैतरणासारखं धरणाचं मऊ असेल, तर अँटीक्लोरीन घालून टँक चालतो, चालवणारे आहेत. मी प्रवाळाला ते देणार नाही. आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा खडा धरणारं बोअरचं पाणी तर माशांनाही नाही. एक दिवसाचा आकडा बघूनही ठरवू नका: आमच्याच नळाला जुलैत ७० टीडीएस होता, मेमध्ये ४८०.

तांबं एकदा शिरलं की खडकात आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. मी नव्या फाट्याच्या पाण्याने तीन मोठे बदल केले, टँकच्या फिल्टरमधला कार्बन बदलला, तरी श्रिम्प आणायची घाई केली नाही. आधी दोन शंख सोडले. ते महिनाभर काच चाटत फिरले, तेव्हा कुठे श्रिम्पची नवी जोडी आणली.