डिस्क भरली, फाइल उडवली, तरी डिस्क भरलेलीच

अंधेरी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात नाइट शिफ्टला लागून मला तीनच आठवडे झाले होते. रात्री सव्वादोनला अलर्ट आला, लिनक्स सर्व्हरचं व्हार पार्टिशन, म्हणजे लॉगसारख्या नोंदींच्या फाइली ठेवायचा डिस्कचा भाग, शंभर टक्के भरलेला. बघतो तर एका जावा ॲप्लिकेशनची लॉग फाइल 61 जीबी झालेली. फाइल उडवणारी आरएम कमांड मारली, एंटर दाबलं आणि खाली चहाला गेलो. परत आलो तर फोनवर सात मिस्ड कॉल, आणि डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या डीएफमध्ये अजूनही शंभर टक्केच.

मग घाबरून जे केलं ते सांगताना आजही ओशाळायला होतं. दिसेल ते उडवत सुटलो. जुने लॉग, कुणाचा तरी बॅकअप. पाचेक जीबी सुटले, ते त्या ॲप्लिकेशनने बघता बघता गिळले. फाइलींनी घेतलेली जागा मोजणारं डीयू म्हणतंय 34 जीबी वापरात आहेत, डीएफ म्हणतंय 100 पैकी 100. दोघांतलं खोटं कोण, तेच कळेना.

शेवटी बदलापूरला झोपलेल्या सिनियरना उठवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "आरएम केलंस का?" हो म्हणालो. "बरं. आता कशालाही हात लावू नकोस."

खोटं कुणीच नव्हतं. युनिक्समध्ये फाइल वेगळी आणि फाइलचं नाव वेगळं. डिरेक्टरीत असतं फक्त नाव आणि आयनोड नंबर, म्हणजे फाइलच्या खऱ्या नोंदीचा क्रमांक. आरएम ते नाव काढून टाकतं, बस. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने, ती फाइल उघडून ठेवली असेल, तर प्रोसेस ती सोडेपर्यंत डेटा डिस्कवर तसाच राहतो. वर ती प्रोसेस त्यात लिहीतही राहते. खोलीच्या दारावरची पाटी काढली म्हणून आतला भाडेकरू उठत नाही, हे मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. डीयू दारोदार फिरून पाट्या वाचतं, म्हणून त्याला बिनपाटीची खोली दिसत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं, किती ब्लॉक अडकलेत? दोघांत 66 जीबीचा फरक होता, म्हणजे माझे 61 आणि नंतर गिळलेले 5.

असा फरक दिसला की उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला 'प्लस एल वन' लावून चालवा, त्यातला एल कॅपिटल. नाव उडालेल्या पण उघड्या असलेल्या फाइली, त्यांच्या प्रोसेसचा पीआयडी (म्हणजे क्रमांक) आणि डिस्क्रिप्टर नंबर (प्रोसेसमधला त्या उघड्या फाइलचा क्रमांक), सगळं समोर येतं. मग ती सर्व्हिस रीतसर रीस्टार्ट करा. रीस्टार्टची परवानगी नसेल तर लिनक्सवर प्रॉकमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीत, त्या पीआयडीच्या एफडी डिरेक्टरीत तो डिस्क्रिप्टर नंबर सापडतो, त्यातून ती फाइल शून्य बाइटवर आणली की जागा लगेच सुटते. आम्ही त्या रात्री हेच केलं. सिनियरनी रिमोट घेतला नाही, एकेक अक्षर माझ्याकडून टाइप करून घेतलं. हातातला कीबोर्ड ओढून घेणारे सिनियर मला नंतर पुष्कळ भेटले. काम झटपट होतं त्यांचं, शिकवत मात्र काही नाहीत.

यापुढे चालू लॉग फाइलवर आरएम नाहीच. ती ट्रंकेट कमांडने शून्यावर आणा. इथेही एक खोच आहे. प्रोसेसने फाइल अपेंड मोडमध्ये (दरवेळी शेवटी जोडत लिहिण्याच्या) उघडलेली नसेल तर ती जुन्याच ऑफसेटपासून, म्हणजे आधी पोचलेल्या जागेपासून, पुढे लिहिते, आणि फाइलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये फाइल पुन्हा 61 जीबीची दिसते. मला तेव्हा घामच फुटला असता. घाबरू नका, मधला भाग पोकळ असतो. डीयूने बघा, चार-दोन एमबीच निघतील.

मशीन रीबूट केलं तरी जागा सुटतेच. म्हणूनच कित्येक जण पाच-पाच वर्षं रीबूट करत राहतात आणि कारण कधीच बघत नाहीत. प्रोसेस मारणाऱ्या किल मायनस नाइनची सवयही त्यातलीच. साधा किल 15 नंबरचा सिग्नल देतो, प्रोसेसला आवरायला सवड मिळते. 9 ला ती मिळत नाही, अर्धवट लिहिलेल्या फाइली तशाच राहतात. डेटाबेसवर हे केलंत तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

मेमरीचं म्हणाल तर फ्री कमांडमधला 'फ्री' कॉलम बघून छातीत धडकी भरते. 'अव्हेलेबल' बघा. कॅशमध्ये अडकलेली बरीचशी रॅम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लागेल तशी परत देतो. लोड ॲव्हरेज, म्हणजे चालू किंवा खोळंबलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या, आधी सीपीयूच्या कोअरच्या संख्येशी ताडून बघा. लोड चढलेला पण सीपीयू निवांत, असं लिनक्सवर दिसलं तर टॉप कमांडमध्ये डी स्टेटमधल्या प्रोसेस शोधा. त्या बहुतेक डिस्कची नाहीतर नेटवर्क स्टोरेजची वाट बघत असतात.

मी उडवलेला तो बॅकअप परत मिळाला नाही. सकाळी स्वतः जाऊन सांगितलं, दहा मिनिटं ऐकून घेतलं, सव्वानऊची विरार पकडली. नोकरी गेली नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तोच 'जागा शिल्लक नाही' एरर. डीएफमध्ये मात्र 40 टक्के मोकळे. यावेळी काहीही न उडवता डीएफ मायनस आय चालवलं. आयनोड शंभर टक्के वापरलेले, म्हणजे जागा असूनही नव्या फाइलला क्रमांकच शिल्लक नाही. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचं न पोचलेलं मेल स्पूलमध्ये, म्हणजे मेलच्या रांगेत, साठून लाखो चिमुकल्या फाइली झाल्या होत्या.